१:३२ ची फॉर्म्युला वन स्लॉट कार : उद्यमनगरातल्या माळ्यावरचे चार महिने

खोक्यातून गाडी निघाली, खऱ्या गाडीच्या एक बत्तिसांश मापाची, आणि पोरगा ती ट्रॅकवर ठेवायला धावला. मी ती त्याच्या हातून घेतली आणि वर्णियर काढला. "अगं आई, मोजतीस काय, पळव की!" तो म्हणाला. पण आमच्याकडं कुठलीही वस्तू आली की आधी मोजली जाते, मग वापरली जाते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका लेथवर सुरू केलेलं. आता तीन लेथ आहेत, एक मिलिंग आहे आणि गेली अकरा वर्षं ते मी चालवते. शिरोलीच्या फौंड्रीतून बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कास्टिंगं येतात, आम्ही त्यांचे पंपाचे भाग आणि बुश करून देतो. दुकानाच्या वर लाकडी माळा आहे आणि त्या माळ्यावर दोन प्लायवूड जोडून आमचा स्लॉट कारचा ट्रॅक मांडलाय. जुना, प्लॅस्टिकच्या तुकड्यांचा, पुण्यातल्या एका गृहस्थांकडून सेकंडहँड घेतलेला. एक फेरी ९.८ मीटरची, सगळ्यात लांब सरळ पट्टा ३.२ मीटरचा.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ट्रॅकमध्ये एक खाच असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या. गाडीच्या नाकाखाली एक पातं असतं, ते त्या खाचेत बसतं. पात्याच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या बारीक तारांच्या वेण्या असतात, त्या पट्ट्यांवर घासत जातात आणि मोटरला वीज पोचवतात. हातात एक कंट्रोलर. ट्रिगर जितका दाबाल तितकी गाडी पळणार. स्टिअरिंग नाही. वळायचं काम खाच करते, वेग किती ठेवायचा एवढंच तुमच्या बोटावर. जास्त दाबलात की गाडी खाच सोडून टेबलाखाली.

या खेळाची सुरुवातच एकासनी रेसिंग गाड्यांनी झाली. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस नावाच्या माणसाची मिनिमॉडेल्स ही कंपनी चावीच्या पत्र्याच्या गाड्या करायची. त्यात त्यानं विजेची मोटर घातली आणि १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात स्केलेक्स्ट्रिक मांडलं. पहिल्या गाड्या होत्या मासेराती २५० एफ आणि फेरारी ३७५. दोन्ही उघड्या चाकांच्या, एकाच माणसाच्या. त्यामुळं मला स्लॉट कार म्हटलं की बंद चाकांची स्पोर्ट्स कार नाही, अशीच गाडी डोळ्यांपुढं येते.

मी जिच्याबद्दल लिहितेय ती २०२२ नंतरच्या फॉर्म्युला वनच्या रूपाची आहे, पण कुठल्याही एका संघाची नाही. आकार त्या काळच्या नियमांचा, रंगसंगती कंपनीची स्वतःची. अशा गाड्या तीन-चार युरोपीय कंपन्या करतात. कंपनीचं नाव मी मुद्दाम देत नाही. माझ्याकडं एकच नग आहे. एका कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे हवेचं भोक, निघालं म्हणून आम्ही अख्ख्या फौंड्रीला नावं ठेवत नाही, दुसरा नग मागवून बघतो. तोच न्याय इथं. शिवाय पुढं जे सांगणार आहे ते या सगळ्याच जातीच्या गाड्यांना लागू पडेल असं मला वाटतं.

तर मापं. खऱ्या गाडीला २०२२ च्या नियमात व्हीलबेस जास्तीत जास्त ३६०० मिलिमीटर, रुंदी २००० मिलिमीटर. बत्तीसनं भागलं तर ११२.५ आणि ६२.५. माझ्या वर्णियरवर व्हीलबेस आला ११२.३ आणि मागच्या चाकांवरची रुंदी ६३.१. टायरचा व्यास खऱ्यात ७२० मिलिमीटर, म्हणजे २२.५ यायला हवा, तो भरला २१.६. मागच्या टायरची रुंदी ४०५ भागिले ३२ म्हणजे १२.७, आणि आली १२.८. हे मी वाचून दाखवत होते तसं आप्पा खुर्चीतून उठून आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, तरी आले. म्हणाले, "खेळण्यात दोन दशांशाचा फरक? पोरी, एवढं तर आपली काही गिऱ्हाइकं पण मागत नाहीत." टायर थोडे लहान ठेवलेत ते बरोबरच केलंय, गाडी तेवढीच खाली बसते.

डोळ्यांनाही ती गोड दिसते. नाक खाली उतरत उतरत पुढच्या पंखात मिसळतं, बाजूचे फुगवटे मागं जाताना कंबरेसारखे आत येतात, तळाची कड पातळ आहे. छपाई इतकी स्वच्छ की भिंगातून पाहिलं तरी अक्षरांच्या कडा फाटलेल्या नाहीत. चाकं मोठ्या रिमची आहेत, कारण २०२२ पासून खऱ्या गाडीला तेरा इंची रिमऐवजी अठरा इंची आली. हेलो, म्हणजे ड्रायव्हरचं डोकं वाचवणारी वरची कमान, मऊ प्लॅस्टिकची केलीय, आणि ते शहाणपणाचं आहे. खरी हेलो टायटॅनियमची असते, वजन साधारण सात किलो, २०१८ पासून सक्तीची झाली. ती आली तेव्हा तिच्यामुळं गाडी कुरूप दिसते असं म्हणणारे पुष्कळ होते. मग नोव्हेंबर २०२० मध्ये बहारीनच्या शर्यतीत रोमां ग्रोजाँ या ड्रायव्हरची गाडी लोखंडी कठडा फोडून आत घुसली, पेटली, आणि हेलोनं डोकं वाचवलं म्हणून तो त्यातून स्वतः बाहेर पडला. पोराला मी तो प्रसंग सांगितला. तेव्हापासून गाडी उलटी पडली की तो आधी हेलो शाबूत आहे का बघतो, मग पात्याकडं वळतो.

वजन करायला घरचा काटा उपयोगाचा नव्हता. गुजरीत एका ओळखीच्या सराफाकडं गेले. त्यांनी चांदीच्या काट्यावर गाडी ठेवली: ६८.४ ग्रॅम. खऱ्या गाडीचं किमान वजन त्या नियमात ७९८ किलो होतं. लांबी बत्तीस पट कमी झाली तर घनफळ बत्तीस गुणिले बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे ३२,७६८ पट कमी होतं. त्या हिशेबानं गाडी २४ ग्रॅमची हवी. म्हणजे आमची गाडी प्रमाणाच्या पावणेतीन पट जड आहे. त्यात वावगं काही नाही, मोटर आणि आस लोखंडाचेच असणार. पण हा आकडा डोक्यात ठेवला की पुढं गाडी जशी वागते त्याचं कोडं पडत नाही.

मग ट्रॅकवर ठेवली. सेटबरोबरचा अ‍ॅडॉप्टर मी वापरत नाही. आमच्याकडं एक बेंच पॉवर सप्लाय आहे, त्यावर व्होल्टेज नीट लावता येतं. १२ व्होल्टवर लावून पोरानं ट्रिगर दाबला. गाडी गेली म्हणजे गेलीच. वळणं तिला दिसतच नव्हती. तिसऱ्या फेरीतच ४.३ सेकंद. हिशेब केला तर सेकंदाला २.२८ मीटर, बत्तीसनं गुणलं की ताशी साधारण २६० किलोमीटर. पोरं ओरडली, "नाद खुळा!" मलाही आनंद झाला. पण दहा मिनिटांनी मी त्यांच्या चेहऱ्यांकडं बघितलं तर कंटाळा उतरायला लागला होता. ट्रिगर पूर्ण दाबून धरला तरी गाडी सुटत नव्हती. मग बोटानं करायचं काय?

कारण तिच्या पोटाखाली, मागच्या आसाच्या जरा पुढं, एक चुंबक होतं. निओडायमियमचं, अंगठ्याच्या नखाएवढं. ट्रॅकच्या पट्ट्या लोखंडी, त्यामुळं चुंबक गाडीला खाली ओढून धरतं. किती ते बघायला मी गाडीला दोरा बांधला, वर छोटा स्प्रिंग काटा अडकवला आणि पट्टीवरून हळूहळू उचलली. २१० ग्रॅमला सुटली. म्हणजे गाडीचं स्वतःचं वजन ६८ आणि चुंबकाची ओढ त्याच्या दुप्पट.

इथं एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. खऱ्या गाडीतही हेच चाललेलं असतं, फक्त चुंबकाच्या जागी हवा असते. २०२२ च्या नियमांनी गाडीच्या तळाशी दोन बोगदे परत आणले. त्या गाड्यांत हवा तिथून अरुंद जागेत घुसते, वेग वाढतो, दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. ही युक्ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी निघाली होती. १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा करून तिच्यावर बंदी घातली गेली, आणि चार दशकांनी ती परत आली. पण फरक आहे आणि तो मोठा आहे. हवेची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट तर ओढ चौपट. सावकाश वळणावर ती जवळजवळ नसतेच, तिथं गाडी फक्त टायरवर असते. चुंबकाला वेगाचं काही देणंघेणं नाही. गाडी उभी असली तरी तेवढीच ओढ. म्हणून चुंबक लावलेली गाडी सगळ्यात अवघड वळणावरसुद्धा ड्रायव्हरला काही विचारत नाही.

चुंबकानं दुसरा त्रास दिला तो खास आमच्या जागेचा. खाली बीड कापलं जातं. बीडाची पूड काळी, पिठासारखी बारीक, आणि ती जिन्यावरून, कपड्यांवरून, चपलांवरून माळ्यावर येते. मी कितीही झाडलं तरी येते. आठवड्याभरात चुंबकाला काळी दाढी फुटली. त्यातली पूड वेण्यांमध्ये गेली, दोन्ही वेण्यांमध्ये ठिणग्या पडायला लागल्या आणि एकदा सप्लाय ट्रिप झाला. गाडीचा यात दोष नाही. बीडाच्या धंद्याच्या वर चुंबकाची गाडी चालवणारे आम्हीच. पण त्यामुळं निर्णय लवकर झाला. चुंबक काढून टाकलं. दोन स्क्रूंचं काम. जागा अशी केलीय की काढायला, घालायला सोपं. हे कंपनीनं विचारपूर्वक केलंय.

चुंबक काढल्यावर पहिल्याच वळणाला गाडी गेली ती थेट गोणपाटाच्या ढिगात.

१२ व्होल्टवर ती चालवणं अशक्यच होतं, मी साडेनऊवर आणलं. तरीही सरळ पट्ट्यावर ती मागून टुणटुण उड्या मारत होती आणि वळणावर कधी धरायची, कधी सुटायची, दोन फेऱ्या सारख्या नाहीत. फेरी सात सेकंदांच्या आसपास. पोरगा म्हणाला, "आई, परत लाव गं ते चुंबक." तेवढ्यात आप्पांनी गाडी उचलली, उलटी केली, मागचं चाक बोटानं फिरवलं आणि डोळे बारीक करून बघत राहिले. मग एकच वाक्य बोलले. "हे गोल नाही."

या गाडीबद्दल मला जे सांगायचंय ते सगळं या तीन शब्दांत आहे. चुंबक होतं तोवर हे लपलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम थांबलं तेव्हा मी मागचा आस काढून लेथच्या कोलेटमध्ये, म्हणजे पकडीत, धरला आणि टायरवर डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारा काटा, लावला. लेथ हातानं फिरवला. एका चाकाला काटा ०.१८ मिलिमीटर फिरला, दुसऱ्याला ०.११. आस सरळ होता, रिमही बऱ्यापैकी होती, ०.०४ च्या आत. दोष टायरचा. रबराच्या साच्याची पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, टायरच्या बरोबर मध्यावरून जात होती, एक बारीक शिरा उठलेली, आणि रबर रिमवर एका बाजूला ताणून बसवलेलं. ०.१८ म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण ते चाक फिरतं किती ते बघा. मोटर १२ व्होल्टला मिनिटाला २०,००० फेरे घेते असं कागदावर लिहिलंय. मोटरवरच्या लहान गिअरला, म्हणजे पिनियनला, ९ दाते, आसावरच्या मोठ्याला, म्हणजे क्राउनला, २७, म्हणजे चाक ६,६०० च्या वर. साडेनऊ व्होल्टला आणि ओझ्याखाली निम्मे धरले तरी सेकंदाला पन्नासाहून जास्त फेरे. तेवढ्या वेळा मागचं टोक उचललं जातंय आणि आपटतंय. हवेत असलेला टायर पकड कुठून देणार?

मी टायर काढले, रिमवर फेविक्विकचे चार बारीक थेंब दिले, टायर परत चढवून दाबून सारखे बसवले आणि एक रात्र ठेवले. सकाळी आस कोलेटमध्ये, लेथ सगळ्यात कमी फेऱ्यांवर, आणि एका सपाट पट्टीला चिकटवलेला पॉलिश पेपर हलका टेकवत गेले. आधी १२० नंबर, मग ४००. पार्टिंग लाइन गेली, वरची चकाकी गेली. आतलं रबर काळं, मऊसर, थोडं चिकट निघालं. डायल ०.०३ वर आला. व्यास २१.२ राहिला. ज्यांच्याकडं लेथ नाही त्यांनी घाबरायचं कारण नाही. टेबलावर पॉलिश पेपर चिकटवून, गाडीचं नाक हातानं धरून, कमी व्होल्टवर मागची चाकं त्यावर फिरवली तरी हेच होतं. फक्त वेळ लागतो आणि टायर तापू द्यायचा नाही.

बाकीची कामं लहान होती. वेण्या कडक होत्या आणि नाक वर उचलत होत्या. त्या बोटानं मोकळ्या केल्या, टोकं थोडी पसरवली, आता नाक खाली बसतं. बुशांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. टाचणीच्या टोकावर घेऊन, बाटलीतून नाही, कारण तेल टायरवर गेलं की केलेली सगळी मेहनत वाया. क्राउन आणि पिनियनमध्ये खेळ थोडा जास्त होता, आवाज खरखरीत यायचा. आसावर एक पातळ वॉशर सरकवला, आवाज बसला. बॉडीचे स्क्रू घट्ट होते, ते अर्ध्या फेऱ्यानं ढिले केले. बॉडी किंचित हलायला लागली की तिची थरथर चेसीपर्यंत जात नाही. हे आधी मला उलटं वाटलं होतं. आमच्या धंद्यात ढिला स्क्रू म्हणजे गुन्हा.

वजनाचं मात्र आप्पांनी सुचवलं. चुंबकाचे तीन ग्रॅम गेले होते, ते दुसऱ्या रूपात परत द्यायचे. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगला चिकटवायची पाच ग्रॅमची वजनं मिळतात. एक मागून आणलं, कातरीनं कापून अडीच-अडीच ग्रॅमचे दोन तुकडे केले. एक मागच्या आसाच्या पुढं, अगदी तळाला. दुसरा पात्याच्या मागं. पहिल्यांदा दोन्ही मागं लावले होते तेव्हा गाडी ताकद घेताना नाक उचलून खाच सोडायची. ही गाडी लांब आहे, नाक अरुंद आणि हलकं, त्यामुळं पुढं थोडं वजन लागतंच. बंद चाकांच्या जुन्या गाडीला आम्हाला कधी लागलं नव्हतं.

आणि मग रविवारी संध्याकाळी तिला परत ट्रॅकवर ठेवलं. साडेनऊ व्होल्ट. पोरगा पहिल्या वळणाला येऊन बोट सैल करतो, गाडीचं मागचं टोक बाहेर झुकतं, एक क्षण तशीच तिरकी राहते, मग तो हळूच दाबतो आणि ती सरळ होऊन निघून जाते. माळ्यावर कुणी बोलेना. तिरकी गाडी वळणातून बाहेर निघताना बघणं, ते सुद्धा तळहाताएवढी गाडी, फार समाधान देतं. फेरी ५.१ सेकंदांवर आली. चुंबकाच्या वेळेपेक्षा आठ दशांश सावकाश. प्रमाणात ताशी साधारण २२० किलोमीटर. पण आता प्रत्येक फेरी वेगळी असते आणि का वेगळी ते बोटाला कळतं.

ब्रेकबद्दलही सांगायला हवं, कारण चुंबकाशिवाय ब्रेक हाच अर्धा खेळ आहे. ट्रिगर सोडला की कंट्रोलर मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडतो. मोटर फिरतच असते, ती आता जनित्र होते, स्वतःच तयार केलेली वीज स्वतःलाच अडवते आणि गाडी थांबते. या गाडीची मोटर त्या बाबतीत जोरकस आहे. ट्रिगर एकदम सोडला तर मागची चाकं जवळजवळ लॉक होतात आणि गाडी फिरते. म्हणून सोडतानाही हळूच सोडावं लागतं. शेजारच्या वर्कशॉपमधला पोऱ्या, सतरा वर्षांचा, मोटारसायकल तुफान चालवतो, त्याला हे दोन रविवार जमलं नाही. माझ्या पुतणीला, ती आठवीत आहे आणि हार्मोनियम शिकते, पहिल्या दिवशी जमलं.

आता तक्रारीची बाजू. पुढचा पंख. पात्याच्याही पुढं तो दीड सेंटिमीटर बाहेर येतो आणि गाडी ट्रॅक सोडते तेव्हा आधी तोच धडकतो. बाकी बॉडी लवचीक, हेलो मऊ, पण पंखाचं प्लॅस्टिक कडक. तिसऱ्या आठवड्यात तो डाव्या अंगानं तुटला. खोक्यात जास्तीचा पंख नाही. ड्रायव्हरच्या मागं इंजिनाच्या वर असलेला कॅमेऱ्याचा इवलासा टी तर पहिल्याच रविवारी गेला, माळ्याच्या फटीतून खाली पडला आणि मशीनवरून निघणाऱ्या लोखंडी चिप्सच्या ढिगात हरवला. उघड्या चाकांच्या गाडीत हे भाग पुढं येणारच, तिचा आकारच तसा. पण म्हणूनच सोबत दोन पंख द्यायला हवे होते, पाव ग्रॅम प्लॅस्टिकचा प्रश्न आहे. मी शेवटी ऑइलच्या रिकाम्या डब्याच्या कापातून नवा पंख कापला, तुटलेल्यावरून गिरवून, आणि काळ्या रंगात बुडवला. जवळून बघितलं तर ओळखू येतो. धडकला तर वाकतो आणि परत सरळ होतो.

दुसरी अडचण उघड्या चाकांचीच. दोन लेनमध्ये दोन अशा गाड्या शेजारी पळत असल्या आणि वळणात एकीचं शेपूट बाहेर आलं की चाकात चाक अडकतं. मग दोघी बाहेर. आमच्या ट्रॅकच्या दोन लेनमधलं अंतर कमी आहे, ७८ मिलिमीटर. ज्यांचा ट्रॅक रुंद लेनचा आहे त्यांना हे कमी जाणवेल. आमच्याकडं नियम केलाय: जिच्या शेपटानं धडक झाली तिनं पाच आकडे मोजून मगच परत यायचं. भांडणं थांबली नाहीत, पण कमी झाली. डिजिटल ट्रॅकसाठी, म्हणजे एकाच खाचेत अनेक गाड्या पळवता येतात त्या ट्रॅकसाठी, चिप बसवायची जागा चेसीत दिसते. आमचा ट्रॅक साधा, त्यामुळं ते मी वापरलेलं नाही.

किमतीचं सांगते. माझे धाकटे दीर जर्मनीत असतात, ते येताना घेऊन आले. "वहिनी, एवढ्या पैशात लहान पोराची सायकल आली असती," म्हणाले. रुपयांत साडेसात हजारांच्या घरात पडली. इथं दुकानात अशी गाडी मिळणं अवघड आहे, मी राजारामपुरी आणि महाद्वार रोड दोन्ही पालथे घातले. बाहेरून मागवायची तर खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. कुणी येणार-जाणारं असेल तर ठीक, नाहीतर गाडीपेक्षा वाट जास्त महाग. आणि मागवत असाल तर गाडीबरोबर मागच्या टायरचा एक जोड आणि वेण्यांचं एक पाकीट मागवाच. चार महिन्यांत आमच्या वेण्या दोनदा बदलल्या आणि टायर २०.९ वर आलेत.

एवढे पैसे घालावेत का? पोराच्या वाढदिवसाला खोकं उघडून लगेच पळवायची असेल तर चुंबक लावलेलं ठेवा, ती पळेल, सुटणार नाही, आणि महिन्याभरात कपाटावर जाईल. त्या कामाला निम्म्या किमतीची गाडी पुरते. पण हातात पॉलिश पेपर घेऊन बसायची तयारी असेल, तर हिच्या चेसीत, मोटरमध्ये, आसात ती योग्यता आहे. वाया जाणारं काही नाही. कास्टिंग चांगलं असलं तर मशिनिंगचे कष्ट सत्कारणी लागतात, तसंच.

कोल्हापूरला हे परकं वाटू नये असं मला मनापासून वाटतं. बाबूराव पेंटर आणि दामले यांनी याच गावात शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा स्वदेशी कॅमेरा घडवला, तेव्हा त्यांच्यापुढंही बाहेरून आलेली वस्तू होती आणि हातात अवजारं. कृष्णराज महाडिक हा रेसिंग ड्रायव्हर इथून ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. आमच्या पोरांना ती गाडी चालवायला मिळणार नाही कदाचित, पण वळणाआधी बोट कधी उचलायचं हे माळ्यावर कळू शकतं. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट हा रेसिंगचा ट्रॅक ५.१२५ किलोमीटरचा. २०११ ते २०१३ अशा फॉर्म्युला वनच्या तीन शर्यती तिथं झाल्या, तिन्ही सेबास्टियन वेटेलनं जिंकल्या. तो बत्तिसाव्या मापात करायचा तर १६० मीटर ट्रॅक लागेल. पोरगा आमच्या गल्लीची लांबी पावलांनी मोजून आलाय.

माळ्यावरच्या दाराला खडूनं वेळा लिहिल्यात. पोरगा ५.०९. पुतणी ५.०६. मी ५.१४. मागच्या रविवारी आप्पांनी कंट्रोलर मागितला. त्यांचं बोट जाड, चाळीस वर्षांच्या लेथच्या हँडलनं घट्टे पडलेलं. पहिल्या पाच फेऱ्या नुसत्या सावकाश फिरवल्या, कान गाडीकडं लावून, बघत नव्हतेच. सहाव्या फेरीला म्हणाले, "क्राउन परत वाजतोय, वॉशर बघ." मी गाडी उचलली. वॉशर सरकला होता. तो नीट बसवून दिला, गाडी परत खाचेत ठेवली, आणि त्यांनी ५.०४ मारली.